वायू आणि आयन वेगळे करणारी मेम्ब्रेन: पहिल्या फिल्मपासून विश्वासार्ह आकड्यापर्यंत

दर वर्षी जून-जुलैच्या सुमारास पुण्यातील महाविद्यालयांचे आणि विद्यापीठ विभागांचे विद्यार्थी प्रकल्पासाठी संशोधन प्रयोगशाळांत रुजू होतात आणि त्यांपैकी काहींच्या वाट्याला कृत्रिम मेम्ब्रेनचा विषय येतो. घरातल्या आरओ यंत्रामुळे मेम्ब्रेन हा शब्द ओळखीचा असतो. मात्र कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन वेगळे करणारी, किंवा फक्त धन आयनांना वाट देणारी फिल्म स्वतः तपासायची म्हटली की सुरुवात कोठून करावी हे एका जागी सांगितलेले सहसा सापडत नाही. या लेखात त्या सुरुवातीसाठी दोन फिल्मचा विचार केला आहे: वायूंसाठी प्रयोगशाळेतच ओतलेली पॉलिसल्फोनची घट्ट, छिद्ररहित फिल्म आणि आयनांसाठी विकत मिळणारी नॅफिऑन ११७. दोन्हींचे गुणधर्म जगभर पुन्हा पुन्हा मोजले गेले आहेत, म्हणून आपली पद्धत बरोबर आहे की नाही हे त्यांच्यावरून ताडून पाहता येते. हे आकडे जुळेपर्यंत नव्या पॉलिमरला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेलमध्ये फिल्म बसवून कोणता तरी आकडा मिळवायला फारसे कौशल्य लागत नाही. तो आकडा पॉलिमरचा आहे, की सूक्ष्म छिद्राचा, गळक्या सांध्याचा किंवा हवेतल्या दमटपणाचा, हे ओळखायला मात्र लागते.

कामापुरती पूर्वतयारी

घट्ट पॉलिमरमधून वायू कसा जातो याचे आजही ग्राह्य असलेले वर्णन थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये रबरावरील प्रयोगांतून केले: वायू आधी फिल्मच्या एका पृष्ठभागात विरघळतो, मग आतून विसरण पावत पलीकडे जातो आणि दुसऱ्या पृष्ठभागातून बाहेर पडतो. म्हणून पार्यता, म्हणजे वायू फिल्ममधून किती सहज पार होतो याचे माप, ही विद्राव्यता आणि विसरणांक (फिल्मच्या आत वायू किती वेगाने पसरतो याचा आकडा) यांचा गुणाकार असते. ती बॅरर या एककात सांगतात, आणि दोन वायूंच्या पार्यतांचे गुणोत्तर म्हणजे निवडकता. रेणूंचे गतिज व्यास ध्यानात ठेवावेत: हायड्रोजन २.८९, कार्बन डायऑक्साइड ३.३, ऑक्सिजन ३.४६, नायट्रोजन ३.६४ आणि मिथेन ३.८ अँगस्ट्रॉम. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यात जेमतेम ०.१८ अँगस्ट्रॉमचा फरक असूनही पॉलिसल्फोनसारखी ताठ साखळीची पॉलिमरे त्यांना पाचपटींहून अधिक वेगळे करतात. सिलिकोन रबराची साखळी सैल असल्याने त्याची पार्यता शेकडो पटींनी अधिक असते, पण ऑक्सिजन-नायट्रोजन निवडकता जेमतेम दोन भरते. पार्यता वाढली की निवडकता घटते, या ओढाताणीची वरची मर्यादा रोबसन यांनी १९९१ मध्ये आलेखावर मांडली आणि २००८ मध्ये सुधारली; पुढे कोणताही शोधनिबंध उघडला तरी ती रेषा भेटणारच.

आयनांच्या फिल्मचे तत्त्व निराळे आहे. नॅफिऑनच्या साखळीवर सल्फोनिक गट कायमचे जखडलेले असतात. फिल्म पाण्याने फुगली की त्यांचा ऋण प्रभार द्रावणातल्या ऋण आयनांना दूर ठेवतो आणि धन आयन पुढे सरकतात. या समतोलाचे गणित डॉनन यांनी १९११ मध्ये मांडले. बाहेरचे द्रावण फिल्ममधल्या स्थिर प्रभाराच्या मानाने विरळ असेतोवरच हे दूर ठेवणे चांगले चालते, ही त्यातली एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. तीव्र खाऱ्या पाण्यात तीच फिल्म कमी निवडक दिसते आणि त्यात फिल्मचा काही दोष नसतो.

फिल्म ओतणे, आणि पुण्याचा पावसाळा

पहिल्या फिल्मसाठी पॉलिसल्फोनचे दाणे व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुमारे १०० अंश सेल्सिअसला रात्रभर कोरडे करावेत. किती पॉलिमर घ्यायचे हे अंदाजाने ठरवू नये. ९ सेंमी व्यासाच्या काचेच्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंमी होते. ५० मायक्रोमीटर जाडीसाठी ०.३२ घनसेंमी पॉलिमर लागते, आणि पॉलिसल्फोनची घनता १.२४ धरली तर ते ०.४ ग्रॅम भरते. हे ०.४ ग्रॅम सुमारे १० मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये झाकण लावून, चुंबकी ढवळणीवर पूर्ण विरघळू द्यावे. द्रावण ०.४५ मायक्रोमीटरच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळावे आणि हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत झाकून स्थिर ठेवावे. न गाळलेल्या द्रावणातला धुळीचा एक कण पुढे फिल्ममध्ये छिद्र पाडू शकतो, आणि ते छिद्र डोळ्यांना दिसत नाही. क्लोरोफॉर्मचे सारे काम फ्यूम हूडमध्येच करावे. त्याचा टाकाऊ भाग ॲसिटोनच्या बाटलीत कधीही ओतू नये, कारण अल्कलीचा अंश असल्यास या दोघांची अभिक्रिया स्फोटक होऊ शकते.

काच सपाट असून भागत नाही, ती क्षितिजसमांतरही असावी लागते. तीन स्क्रूंच्या तिवईवर काच ठेवून पाणसळीने दोन्ही दिशांनी तपासावी, त्यावर कडे ठेवून द्रावण ओतावे आणि वर उलटे नरसाळे झाकावे, म्हणजे बाष्पीभवन मंद होते. झाकण न ठेवल्यास क्लोरोफॉर्म इतक्या वेगाने उडतो की द्रावणाचा पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर हवेतली वाफ दवासारखी जमते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत दमटपणा भरलेला असतो आणि याच काळात नव्या विद्यार्थ्यांच्या फिल्म पांढुरक्या, धुरकट निघतात. असा धुरकटपणा म्हणजे आत सूक्ष्म पोकळ्या झाल्याची खूण आहे. ती फिल्म कितीही एकसारखी दिसली तरी वायूच्या चाचणीसाठी निरुपयोगी समजावी. पावसाळ्यात फिल्म नायट्रोजन सोडलेल्या बंद पेटीत ओतणे हा उत्तम मार्ग, आणि पेटी नसेल तर नरसाळ्याखालून कोरड्या नायट्रोजनची अगदी मंद धार सोडावी. क्लोरोफॉर्मऐवजी डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) किंवा एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) वापरणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते, कारण हे द्रावक हवेतले पाणी स्वतःच ओढून घेतात आणि त्या पाण्याने पॉलिमर द्रावणातून बाहेर पडू लागते. त्यांच्यासाठी ६० ते ८० अंशांचा गरम, समतल पृष्ठभाग लागतो. शिवाय दोन्ही द्रावक त्वचेतून शरीरात शिरतात आणि प्रजननक्षमतेला घातक मानले जातात, तेव्हा हातमोज्यांची निवड विचारपूर्वक करावी.

एक-दोन दिवसांत फिल्म घट्ट झाली की काच पाण्यात बुडवावी; फिल्म आपोआप सुटते, चिमट्याने ओढावी लागत नाही. त्यानंतर तिला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये टप्प्याटप्प्याने, आधी ६० आणि मग १२० अंशांपर्यंत तापवत, वजन स्थिर होईपर्यंत ठेवावे. उरलेला द्रावक किती हे औष्णिक वजनमापनाच्या आलेखावरून नेमके कळते आणि ती सोय अनेक ठिकाणी सामायिक उपकरण केंद्रात मिळते. मला विचाराल तर नव्या माणसाने खर्च करायचा तो याच चाचणीवर करावा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवर नंतर.

जाडी डिजिटल मायक्रोमीटरने, चाचणीच्या वर्तुळात येणाऱ्या भागावर आठ-दहा ठिकाणी मोजावी. उपकरणाची चूक एक मायक्रोमीटर असेल तर २० मायक्रोमीटरच्या फिल्ममध्ये ती ५ टक्के होते आणि पार्यतेत जशीच्या तशी उतरते. पहिली फिल्म ५० मायक्रोमीटरची घ्यावी, असे सांगण्याचे हेच कारण.

वायूची चाचणी

इथे सर्वांत सोपी आणि सर्वांत बोलकी पद्धत स्थिर आकारमानाची आहे. फिल्मच्या एका बाजूला ठरावीक दाबाचा वायू असतो, दुसऱ्या बाजूला निर्वात केलेली बंद जागा, आणि त्या जागेतला दाब वेळेनुसार कसा वाढतो हे संवेदक नोंदवतो. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा सेल भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या यंत्रशाळेत बनवून घेता येतो. ओ-रिंगची खाच गुळगुळीत असावी आणि आडव्या ओरखड्यांपासून मुक्त असावी, एवढी अट मात्र आराखड्यावर लिहून द्यावी. निर्वात बाजूचे आकारमान आराखड्यावरून काढू नये. ज्ञात आकारमानाच्या भांड्यातून वायू पसरू देऊन, बॉइलच्या नियमाने ते प्रत्यक्ष मोजावे.

पुढचा क्रम मोडू नये. फिल्म बसवून दोन्ही बाजू रात्रभर निर्वात ठेवाव्यात, म्हणजे फिल्ममधली हवा आणि ओल निघून जाते. सकाळी पंप बंद करून, वरच्या बाजूला वायू न सोडताच, खालचा दाब तासभर नोंदवावा. ही गळतीची पातळी. ती किती चालेल हे आपल्याच आकड्यांवरून ठरते. समजा निर्वात बाजू ५० घनसेंमी, फिल्मचे क्षेत्रफळ १० चौरस सेंमी, जाडी ५० मायक्रोमीटर, तापमान ३५ अंश आणि वरचा निरपेक्ष दाब २ बार आहे. पॉलिसल्फोनची कार्बन डायऑक्साइडसाठीची पार्यता ५.६ बॅरर धरली तर खालचा दाब तासाला सुमारे १४ मिलिबारने वाढेल. नायट्रोजनची पार्यता ०.२५ बॅरर असल्याने त्याच्यासाठी ही वाढ तासाला जेमतेम ०.६ मिलिबार राहील. आता गळती तासाला ०.३ मिलिबार असेल तर कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यात ती दिसणारही नाही, मात्र नायट्रोजनचा आकडा दीडपट होईल आणि निवडकता एक तृतीयांशाने घसरेल. गळतीचा मार नेहमी मंद वायूवर बसतो. पार्यता जुळते पण निवडकता कमी येते अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला म्हणूनच आधी ओ-रिंग पाहायला सांगावे. या मांडणीत गळती नायट्रोजनच्या वाढीच्या पाच टक्क्यांहून कमी असल्याखेरीज चाचणी सुरू करू नये, आणि अहवालात ती वजा करूनच आकडा द्यावा.

वायूंचा क्रम हीलियम, नायट्रोजन, ऑक्सिजन, मिथेन आणि सर्वांत शेवटी कार्बन डायऑक्साइड असा ठेवावा. कार्बन डायऑक्साइड वाढत्या दाबाखाली पॉलिमरमध्ये भरपूर विरघळून साखळ्या सैल करतो आणि त्यानंतर घेतलेले इतर वायूंचे आकडे आधीच्या फिल्मचे राहत नाहीत. प्रत्येक दोन वायूंच्या मध्ये पुन्हा पुरेसा वेळ निर्वात ठेवावा. मिथेन आणि हायड्रोजन यांसारख्या ज्वलनशील वायूंच्या सिलिंडरला डाव्या आट्याची झडप असते, त्यामुळे नायट्रोजनचा रेग्युलेटर तिथे बसत नाही. तो बसवण्यासाठी जोडणी बदलण्याची हिकमत कोणीही करू नये.

वायू सोडल्यावर खालचा दाब लगेच सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीला तो जवळजवळ सपाट राहतो, मग वळतो आणि मग सरळ होतो. ती सरळ रेषा मागे वाढवून वेळेच्या अक्षाला जिथे छेदते तो विलंबकाळ. जाडीचा वर्ग सहापट विलंबकाळाने भागला की विसरणांक मिळतो. पॉलिसल्फोनमध्ये कार्बन डायऑक्साइडचा विसरणांक साधारण दहाच्या उणे आठव्या घाताच्या दुप्पट चौरस सेंमी प्रति सेकंद असतो, म्हणून ५० मायक्रोमीटरच्या फिल्मला विलंबकाळ साडेतीन मिनिटांच्या आसपास येतो. स्थिर अवस्था आली असे म्हणण्यापूर्वी या काळाच्या किमान पाचपट वेळ जाऊ द्यावा आणि उतार त्यानंतरच्या भागातून घ्यावा. तितक्याच जाडीच्या सिलिकोन रबरात विलंबकाळ सेकंदापेक्षाही कमी असतो. त्यावरून विसरणांक काढून कोणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि हा साधा भूगोल आकड्यांत शिरतो. इथला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंमीऐवजी सुमारे ७१ सेंमी, म्हणजे ०.९५ बार असतो. साधा दाबमापक हवेच्या वरचा दाब दाखवतो, त्यामुळे निरपेक्ष दाब काढताना त्यात १.०१३ मिळवण्याची पुस्तकी सवय सोडावी. ज्यांच्याकडे निर्वात मांडणी नाही आणि जे साबणाच्या फुग्याच्या प्रवाहमापकाने वायू मोजतात, त्यांनी तर हे विसरूच नये. पुण्यात ३० अंशांना मोजलेले १०० मिलिलिटर प्रमाण तापमान-दाबाला सुमारे ८४ मिलिलिटर भरतात, आणि त्यातही साबणाच्या पाण्याची वाफ वजा करायची राहते.

३५ अंशांना पॉलिसल्फोनचे छापील आकडे असे आहेत: कार्बन डायऑक्साइड ५.६, ऑक्सिजन १.४, नायट्रोजन आणि मिथेन प्रत्येकी सुमारे ०.२५ बॅरर, ऑक्सिजन-नायट्रोजन निवडकता ५.६ आणि कार्बन डायऑक्साइड-मिथेन २२ च्या आसपास. पार्यता दहा-पंधरा टक्क्यांनी हलली तर जाडी आणि तापमान पाहावे. निवडकता कोसळली तर मात्र फिल्मला छिद्र आहे का, हे विचारावे. बारीक छिद्रांतून वायू जातात तेव्हा त्यांचा वेग रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्या हिशेबाने ऑक्सिजन-नायट्रोजन गुणोत्तर ०.९४ आणि कार्बन डायऑक्साइड-मिथेन गुणोत्तर ०.६ येते. आपला आकडा एकच्या जवळ किंवा खाली असेल तर पॉलिमरबद्दल काहीही बोलण्याचा हक्क त्या फिल्मने गमावलेला असतो. उद्योगाने या अडचणीवर वेगळी तोड काढली. मोन्सॅन्टो कंपनीने पॉलिसल्फोनच्या पोकळ तंतूंवर सिलिकोन रबराचा पातळ थर देऊन छिद्रे बुजवली आणि १९८० च्या सुमारास हायड्रोजन वेगळा करणारी प्रिझम मेम्ब्रेन बाजारात आणली. तिथली निवडक त्वचा एक मायक्रोमीटरहूनही पातळ असल्याने छिद्रे टाळणे अवघड होते. प्रकल्पातल्या ५० मायक्रोमीटरच्या फिल्मला ती सबब चालत नाही. ती फिल्म टाकून नवी ओतावी.

आयनांची फिल्म

नॅफिऑन ११७ पाकिटातून काढून थेट वापरू नये. प्रचलित पद्धत अशी आहे की ती आधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, मग विआयनीकृत पाण्यात, मग ०.५ मोलर गंधकाम्लात आणि शेवटी पुन्हा पाण्यात, प्रत्येकी तासभर, ८० ते १०० अंशांना ठेवतात. त्यानंतर ती पाण्यातच साठवावी.

पहिली चाचणी आयन-विनिमय क्षमतेची, आणि तिला ब्युरेटपलीकडे काही लागत नाही. कोरड्या फिल्मचे वजन करावे, ती मिठाच्या १ मोलर द्रावणात रात्रभर बुडवावी आणि सुटलेले आम्ल फिनॉल्फ्थॅलीनच्या साक्षीने सोडियम हायड्रॉक्साइडने मोजावे. फिल्म ०.५० ग्रॅम आणि ०.०५ नॉर्मल अल्कली ९.१ मिलिलिटर लागली, तर क्षमता ०.९१ मिलिसममूल्य प्रति ग्रॅम येते. नॅफिऑनचा सममूल्य भार ११०० असल्याने यायला हवा तो हाच आकडा. इथे चूक ब्युरेटपेक्षा तराजूवर अधिक होते. कोरडी नॅफिऑन पावसाळी हवेत काही सेकंदांतच पाणी घेऊ लागते, म्हणून ती झाकणाच्या वजनबाटलीतच तापवून, झाकण लावून थंड करावी आणि तशीच तोलावी.

वाहकता मोजताना विद्यार्थी एक हमखास चूक करतात. पाण्याने भरलेल्या नॅफिऑनची वाहकता सुमारे ०.१ सीमेन्स प्रति सेंमी असते. फिल्म दोन पत्र्यांत दाबून तिच्या जाडीतून रोध मोजला, तर १ चौरस सेंमीसाठी तो केवळ ०.१८ ओहम भरतो. तारांचा आणि संपर्काचा रोधच त्याहून मोठा असू शकतो आणि मग आपण क्लिपा मोजत बसतो. तीच फिल्म १ सेंमी रुंद पट्टीच्या रूपात, चार-तारी पद्धतीने (दोन तारांतून विद्युतप्रवाह आणि वेगळ्या दोन तारांनी विभव), १ सेंमी अंतरावर लांबीच्या दिशेने मोजली तर रोध ५५० ओहमच्या आसपास येतो आणि संपर्काचा प्रश्न उरत नाही. पट्टी पाण्यात बुडालेली असावी. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी उघडी पट्टी पाहता पाहता वाळते आणि वाहकता कित्येक पटींनी खाली जाते.

निवडकतेसाठी फिल्मच्या एका बाजूला ०.१ आणि दुसऱ्या बाजूला ०.५ मोलर मिठाचे द्रावण ठेवून, २५ अंशांना, दोन संदर्भ इलेक्ट्रोडांमधले विभव मोजावे. फिल्म पूर्ण निवडक असती तर ते ३७.९ मिलिव्होल्ट आले असते. क्रियाशीलता, म्हणजे आयनांची परिणामकारक संहती, विचारात घेऊन हा आकडा निघतो, नुसत्या संहतींवरून काढला तर ४१ च्या पुढे जातो आणि चांगली फिल्मही वाईट ठरते. मोजलेल्या विभवाला या आकड्याने भागले की आभासी निवडकता मिळते; मोजलेले विभव ३५.६ असेल तर ती ९४ टक्के. इलेक्ट्रोडांची अदलाबदल करून दोनदा मोजावे आणि सरासरी घ्यावी, कारण दोन इलेक्ट्रोडांमध्ये एक-दोन मिलिव्होल्टचा फरक बहुधा असतोच. फिल्मच्या दोन्ही अंगांना द्रावण ढवळत राहणेही आवश्यक आहे.

पुढे काय

दोन्ही फिल्मचे आकडे जुळले की नव्या पॉलिमरकडे वळावे. पुण्यात त्यासाठी विषयांची वाण नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिबेन्झिमिडाझोलवर दीर्घकाळ काम झाले आहे. हे पॉलिमर फॉस्फरिक आम्ल शोषून शंभर अंशांच्या वरही प्रोटॉन वाहते आणि वायूंनाही ताठपणे अडवते, त्यामुळे या लेखातल्या दोन्ही बाजू एकाच पदार्थात शिकता येतात. फ्युएल सेलकडे ओढा असणाऱ्यांना हेही ठाऊक असावे की सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून तयार केलेल्या हायड्रोजन कारची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये याच प्रयोगशाळेत झाली. वायूंकडे वळणाऱ्यांसाठी बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढणे हा हाताशी असलेला प्रश्न आहे. मात्र तिथे एकेका शुद्ध वायूचे आकडे पुरत नाहीत. मिश्र वायूची चाचणी वायू-वर्णलेखन यंत्राला (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातल्या प्रत्येक वायूचे प्रमाण मोजणारे यंत्र) जोडून करावी, फिल्ममधून पार होणारा वाटा मूळ प्रवाहाच्या एका टक्क्याहून कमी राखावा, आणि बायोगॅसमधली पाण्याची वाफ व हायड्रोजन सल्फाइड आधी काढून टाकावे. फिल्मच्या प्रत्येक तुकड्याच्या पाकिटावर ओतल्याची तारीख, द्रावक, त्या दिवशीची सापेक्ष आर्द्रता, ओव्हनचा कार्यक्रम आणि आजवर त्यावर सोडलेल्या वायूंचा क्रम लिहून ठेवावा. काचेसारख्या ताठ पॉलिमरच्या फिल्म महिनोन्महिने आकसत राहतात आणि त्यांची पार्यता हळूहळू उतरते, म्हणून वय माहीत नसलेल्या फिल्मचा आकडा दुसऱ्या कोणत्याही फिल्मशी ताडून पाहता येत नाही.